मॅकस्विनी मूळचे कुठले?

१३ सप्टेंबर १९२९ रोजी लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर जतींद्रनाथ दास यांचे निधन झाले, तेव्हा भारताच्या दुःखात आणि अभिमानात आपण सहभागी आहोत असे कळवणारी एक तार आयर्लंडमधून आली. ती टेरेन्स मॅकस्विनी यांच्या कुटुंबाने पाठवली होती. टेरेन्स हे कॉर्क शहराचे लॉर्ड मेयर होते. ऑगस्ट १९२० मध्ये ब्रिटिशांनी त्यांना पकडले आणि २५ ऑक्टोबर १९२० रोजी, उपोषणाच्या ७४व्या दिवशी, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात त्यांनी प्राण सोडला. लाहोर कटाच्या ज्या खटल्यात जतींद्रनाथ आरोपी होते, त्याच खटल्यात पुढे खेडच्या शिवराम हरी राजगुरूंना फाशी झाली. त्यामुळे त्या काळाविषयी वाचणाऱ्या मराठी माणसाच्या नजरेखालून मॅकस्विनी हे नाव कधी ना कधी गेलेले असते. माझ्याही गेले होते, आणि आडनाव कानावर पडले की ‘मूळचे कुठले?’ असे विचारण्याची जी आपली जुनी खोड आहे, ती मला या आडनावाच्या मागे घेऊन गेली.

उत्तर सोपे असेल असे वाटले होते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्या माणसाचे आडनाव आयरिशच असणार. प्रत्यक्षात ते स्कॉटलंडमधून आयर्लंडमध्ये आलेल्या भाडोत्री योद्ध्यांचे आडनाव निघाले, आणि त्या योद्ध्यांचे म्हणणे असे की स्कॉटलंडला जाण्यापूर्वी आपण आयर्लंडचेच होतो. टेरेन्स यांची वैयक्तिक वंशावळ येथे मांडण्याचा माझा इरादा नाही. सांगायचे आहे ते त्या आडनावाविषयी, जे आज बहुतेक ठिकाणी नुसते ‘स्वीनी’ असे लिहिले जाते.

मूळ गेलिक रूप ‘मॅक सुव्ने’, म्हणजे सुव्नेचा मुलगा. सुव्ने हे पुरुषाचे नाव त्या भाषेत फार जुने आहे. सातव्या शतकातल्या एका लढाईत भ्रमिष्ट होऊन रणांगणातून पळालेला आणि पुढे पक्ष्यासारखा झाडांवर राहिलेला जो राजा आयरिश कथांमध्ये भेटतो, त्याचेही नाव हेच. मात्र या घराण्याशी त्याचा काही संबंध नाही. घराण्याचा सुव्ने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्गाइलमध्ये नॅपडेल नावाचा मुलूख आहे. तेथे समुद्राचा एक लांब फाटा जमिनीत शिरला असून त्याच्या पूर्व काठावर त्या काळी बांधलेला किल्ला उभा आहे. किल्ल्याचे नाव कॅसल स्वीन आणि पाण्याचे नाव लॉख स्वीन. आजही उभ्या असलेल्या स्कॉटलंडमधील सर्वांत जुन्या दगडी किल्ल्यांमध्ये त्याची गणना होते. छप्पर केव्हाच गेले असून जाड भिंती तेवढ्या उरल्या आहेत, आणि त्यांना लागूनच सुट्टीत येणाऱ्यांसाठी कॅरॅव्हॅनची वसाहत आहे.

या घराण्याचा इतिहास वाचताना नकाशा जवळ ठेवावा. स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पाच्या टोकापासून आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यापर्यंतचे समुद्राचे अंतर सर्वांत अरुंद ठिकाणी अवघे वीस किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ययुगात दोन्ही काठांवर एकच गेलिक भाषा, तेच कवी, तीच संतपरंपरा आणि एकमेकांत चालणारी सोयरीक होती. डोंगराळ आर्गाइलमधून जमिनीवरून एडिंबराकडे जाण्यापेक्षा नावेने अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत, गाठणे सोपे होते. त्यामुळे ‘आयरिश की स्कॉटिश’ हा आपला प्रश्न बाराव्या शतकातल्या सुव्नेला विचारला असता, तर तो त्याला कळलाच नसता.

घराण्याच्या वंशावळकारांनी मात्र त्याचे उत्तर तयार ठेवले होते. त्यांच्या मते अल्स्टरच्या ओ’नील राजकुळातला आन्रोहान नावाचा राजपुत्र अकराव्या शतकात समुद्र ओलांडून गेला, तेथे स्कॉटांच्या राजकन्येशी त्याचा विवाह झाला, त्यातून त्याला काउल आणि नॅपडेलचा प्रदेश मिळाला आणि सुव्ने हा त्याचाच वंशज. वंशावळी लिहिणारे लोक आश्रयदात्याचे अन्न खात असत, म्हणून असल्या कथनाकडे संशयाने पाहणे योग्यच. तरीही स्कॉटलंडमधली लॅमंट आणि मॅकलॅक्लन ही कुळे आपापली सुरुवात त्याच पुरुषापासून सांगतात. वेगवेगळे हितसंबंध असणाऱ्या कुळांनी एकच मूळपुरुष सांगावा, ही गोष्ट मला हे कथन सरसकट फेटाळू देत नाही. आपल्याकडे कुलवृत्तांताचे जाडजूड खंड ज्यांनी चाळले आहेत, त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल: पहिली काही पाने श्रद्धेची, पुढची कागदपत्रांची, आणि दोहोंमधली सीमा कोठे आहे हे लिहिणारा सांगत नाही.

कागदपत्रे सुरू होतात ती नेमकी घराण्याच्या पडत्या काळात. तेराव्या शतकात हा सारा किनारा नॉर्वेचा राजा आणि स्कॉटलंडचा राजा यांच्या ओढाताणीत सापडला होता. १२६२ मध्ये डुगल मॅक सुव्नेने स्किपनेसच्या आसपासच्या आपल्या जमिनी मेंटीथचा अर्ल वॉल्टर स्ट्यूअर्ट याच्या नावे करून दिल्या. दस्तऐवजाची भाषा दानाची असली, तरी राजाच्या मर्जीतल्या बलाढ्य सरदाराला कोणी आपण होऊन मुलूख देत नाही. चार वर्षांनी, १२६६ मध्ये, पर्थच्या तहाने नॉर्वेने हेब्रिडीज बेटांवरचा हक्क सोडला आणि या किनाऱ्यावर दोन राजांना एकमेकांविरुद्ध खेळवण्याची सोयही संपली. लगेच १२६७ मध्ये आयर्लंडच्या बखरींत हे नाव प्रथमच दिसते, तेही मृत्यूच्या नोंदीत: मरखा मॅक सुव्ने हा मेयोच्या पश्चिम किनाऱ्यावर पकडला गेला, त्याला अल्स्टरच्या अर्लच्या हवाली करण्यात आले आणि त्याच्या कैदेतच तो मेला.

किल्ला परत मिळवण्याची आशा आणखी एक-दोन पिढ्या टिकली. १३१० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डने जॉन मॅक सुव्नेला नॅपडेल बहाल केले, मात्र अट अशी की ते त्याने स्वतः शत्रूकडून जिंकून घ्यावे. दुसऱ्याच्या ताब्यातली जमीन कागदावर वाटून टाकण्याचा हा राजेलोकांचा आवडता व्यवहार होता. त्याच सुमाराच्या एका गेलिक कवितेत जॉनच्या आरमाराचे, त्याच्या शिडांचे आणि शस्त्रांचे भारदस्त वर्णन आहे. कविता राहिली, किल्ला मात्र मिळाला नाही. ज्या पूर्वजाच्या नावाने घराणे ओळखले जात होते, त्याची वास्तू कायमची हातची गेली आणि मॅकस्विनी हे आडनाव पुढे वाढले ते परमुलखात.

तेथे त्यांनी केलेला धंदा लढण्याचा. आयर्लंडमध्ये या योद्ध्यांना ‘गॅलोग्लास’ म्हणत, म्हणजे परदेशी जवान. इंग्रज-नॉर्मन सरदारांच्या चिलखती स्वारांपुढे आयरिश राजांची हलकी पायदळे टिकत नव्हती, म्हणून हेब्रिडीज आणि आर्गाइलमधून भारी पायदळ आणवण्याची पद्धत पडली. १२५९ मध्ये कनॉक्टच्या एह ओ’कॉनरने हेब्रिडीजच्या एका सरदाराच्या मुलीशी लग्न केले, तेव्हा तिच्याबरोबर १६० योद्धे आल्याची नोंद आहे. हुंड्यात सैन्य घेणारा जावई मला अन्यत्र आढळलेला नाही. गॅलोग्लासच्या अंगात कड्यांचे लांब चिलखत आणि हातात लांब दांड्याची कुऱ्हाड असे. सामान वाहायला सोबत पोरे असत. माघार घेणाऱ्या फौजेच्या पिछाडीला पाय रोवून उभे राहणे ही त्याची खासियत होती.

मॅकस्विनींनी आयर्लंडच्या वायव्य टोकाच्या डोनेगॉलमधल्या फॅनड द्वीपकल्पावर बस्तान बसवले आणि तेथल्या ओ’ब्रेस्लिन घराण्याला हुसकावून लावले. नंतर या भागाचा अधिपती ओ’डॉनेल याच्याशी त्यांचा जो करार झाला, त्याचा तपशील घराण्याच्या सोळाव्या शतकातल्या इतिहासात आहे. ताइग मॅक फिहिल या लेखकाने लिहिलेला हा ग्रंथ डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहे. मला विचाराल तर घराण्याच्या सगळ्या शौर्यकथांपेक्षा हा हिशेब मोलाचा आहे. जमिनीच्या प्रत्येक ठरावीक हिश्श्यामागे दोन गॅलोग्लास पुरवायचे. जितके कमी पडतील त्या प्रत्येकामागे दोन गाई दंड, एक माणसाबद्दल आणि एक त्याच्या सरंजामाबद्दल. कुऱ्हाड नसेल तर एक शिलिंग, भाला नसेल तर चार पेन्सांचे एक नाणे, आणि हा दंड तुकडीच्या नायकाने घ्यायचा. शिरस्त्राण नसेल तर मात्र काहीही दंड नाही. त्याची भरपाई शिरस्त्राणाविना आलेल्या माणसाचे डोके फुटून आपोआप होते. कराराच्या कलमांत दडलेला हा विनोद लढवय्यांचाच असणार, कारकुनाला तो सुचणे कठीण.

त्याच ठिकाणी ग्रंथकार सांगतो की हा करार होण्यापूर्वी कोणत्याही अधिपतीचा मॅकस्विनींवर चाकरीचा हक्क नव्हता. तोवर त्यांची चाल स्कॉटिश होती, म्हणजे जो कामावर ठेवील त्याच्यासाठी लढायचे. मराठी वाचकाला यातला फरक समजावून सांगावा लागणार नाही. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन मोहिमेपुरता येणारा शिलेदार एकदा जमीन घेऊन वतनदार झाला की त्याच्या लढण्याचे रूपच बदलते, तसे या घराण्याचे झाले. भाडोत्री तुकडीला ठरलेल्या मोबदल्याशी मतलब असतो. पिढीजात चाकरीच्या बदल्यात जमीन धारण करणाऱ्या घराण्याला मात्र आपण कोण आणि कोणाचे हे सांगता यावे लागते, कारण हक्क त्यावर ठरतो. सुव्नेचे नाव स्कॉटलंडमध्ये केवळ एका पूर्वजाचे नाव होते. डोनेगॉलमध्ये ते चाकरीच्या हक्काचे नाव झाले आणि म्हणून पुसले गेले नाही, असे मला वाटते.

पुढे घराण्याच्या तीन शाखा झाल्या: फॅनड, डो आणि बॅना. आणखी काही तुकड्या दक्षिणेस गेल्या आणि कॉर्कमधल्या मस्करी भागात मॅकार्थी घराण्याच्या चाकरीत राहिल्या; कॉर्क परिसरात हे आडनाव आहे ते मुख्यतः त्यांच्यामुळे. डोचा किल्ला मी पाहिला आहे. तिन्ही बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला खडकात कोरलेला खंदक असे त्याचे स्थान असून, कोकणातले जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो लहान वाटतो, हे कबूल केले पाहिजे. याच शाखेने ओ’डॉनेलच्या मुलाला, पुढे इंग्रजांना जड गेलेल्या रेड ह्यू ओ’डॉनेलला, दत्तकासारखे वाढवले. १५८७ मध्ये फॅनडच्या मॅकस्विनींच्या रॅथमुलन येथे पाहुणा असताना त्या पंधरा वर्षांच्या मुलाला दारू विकायला आल्याचे सोंग करणाऱ्या जहाजावर बोलावून इंग्रजांनी पळवून नेले. पुढच्याच वर्षी स्पॅनिश आरमाराची वाताहत झाली, तेव्हा किनाऱ्याला लागलेल्या स्पॅनिश खलाशांना मॅकस्विनींनी आसरा दिला.

तलवारीबाहेरचेही त्यांचे काही आहे. रॅथमुलन येथे कार्मेलाइट साधूंचा मठ फॅनडच्या शाखेने १५१६ मध्ये स्थापला. ज्या हस्तलिखितात घराण्याचा इतिहास आहे, त्याचा आधीचा धार्मिक भाग ओमॅली घराण्यातून मॅकस्विनींच्या घरात आलेल्या मायरे या स्त्रीसाठी १५१३-१४ मध्ये लिहून घेतलेला आहे. कुऱ्हाडीवर पोट असलेल्या घराण्याची आठवण एका सुनेच्या पोथीबरोबर बांधली जाऊन टिकली.

१६०७ च्या सप्टेंबरात याच रॅथमुलनहून अल्स्टरचे दोन मोठे गेलिक सरदार, ओ’नील आणि ओ’डॉनेल, परिवारासह जहाजात बसून युरोपात निघून गेले. त्यानंतर राजाने त्यांचे मुलूख जप्त केले आणि १६०९ पासून डोनेगॉलसह सहा परगण्यांत इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून प्रोटेस्टंट वसाहतकरी आणून बसवले. मॅकस्विनींच्या प्रमुखांना थोडी जमीन मिळाली. १६४१ च्या उठावानंतरच्या जप्त्यांत तीही टिकली नाही. येथे मी बराच वेळ अडखळलो. तीन शतकांपूर्वी स्कॉटलंडमधून येऊन दुसऱ्याची जमीन बळकावणारे हे घराणे आता सरकारी दप्तरात ‘मूळचे आयरिश’ ठरले, आणि त्यांच्या जागी जे आले तेही स्कॉटलंडमधूनच. पहिल्या आगंतुकांची भाषा आणि धर्म स्थानिकांचे होते, दुसऱ्यांचे दोन्ही बहुधा वेगळे होते. ‘मूळचे’ हा शब्द लावायला तेवढे पुरले.

यानंतर आडनावाचे रूप बदलू लागले. इंग्रजी दप्तरात ‘मॅक’ गळाला आणि उरले स्वीनी. शिवाय स्विनी, मॅकस्वाइन, मॅकस्वीन असे नाना पाठ. गेलिकमध्ये स्त्रीचे आडनाव पुरुषासारखे राहत नाही. ‘मॅक’च्या जागी ‘निक’ येते आणि पुढच्या शब्दाचा पहिला वर्ण बदलतो, त्यामुळे टेरेन्स यांची बहीण मेरी, जी स्वतः आयर्लंडच्या राजकारणातली मोठी नेता होती, आयरिशमध्ये मायरे निक हिव्ने अशी होते. याच वर्णबदलातून स्कॉटलंडमध्ये मॅक्वीन हे आडनाव तयार झाले, ऐकायला ते स्वीनीपासून कितीही दूर वाटो. इनव्हर्नेसजवळच्या मॅक्वीनांपैकी एकाने १७४३ मध्ये स्कॉटलंडमधला शेवटचा लांडगा मारला अशी दंतकथा आहे. अर्थात सुव्ने नावाचे पुरुष अनेक होऊन गेले असल्यामुळे प्रत्येक मॅक्वीन किंवा स्वीनी नॅपडेलच्या त्या एकाच सुव्नेचा असे मानायला आधार नाही.

१८९३ मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली आणि गळालेले ‘मॅक’ आणि ‘ओ’ पुन्हा जोडण्याची लाट आली. आयरिश कुळांचे सर्वांत नामवंत अभ्यासक एडवर्ड मॅकलायसॅट यांच्या स्वतःच्या आडनावातला ‘मॅक’ही असाच नंतर जोडलेला. त्याच १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात डोनेगॉलचा टारलाख मॅक सुव्ने पाइप्स वाजवायला गेला होता. डोच्या किल्लेदारांचा आपण वंशज आहोत असे तो सांगे, आणि आपल्याला वादन पऱ्यांनी शिकवले असेही सांगे.

आज एखाद्या स्वीनीला मागे जायचे असेल तर वाट खडतर आहे. १९०१ आणि १९११ च्या आयर्लंडच्या जनगणनेची घरोघरची पाने कोणालाही फुकट पाहता येतात. त्याआधीची जवळजवळ सगळी गेली: १८६१ ते १८९१ पर्यंतची सरकारनेच नष्ट केली किंवा पहिल्या महायुद्धात लगदा करून टाकली, आणि १८२१ ते १८५१ ची बहुतांशी जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले दप्तरखाने जळाले तेव्हा गेली. मध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे जमीन-मूल्यांकन आहे, आणखी मागे १६६५ ची चूलपट्टीची यादी. वरच्या टोकाला ताइगची वंशावळ, खालच्या टोकाला चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी, आणि सामान्य कुटुंबाच्या बाबतीत मधली दीड-दोन शतके कोरी. किल्ल्यापासून आपल्या आजोबांपर्यंत सलग रेघ ओढून देणारा कोणी भेटला, तर त्याने ही शतके कशी ओलांडली एवढेच विचारावे. १९४४ पासून आयरिश सरकारही जुन्या कुळांच्या प्रमुखांना अधिकृत मान्यता देत असे. मॅकार्थी घराण्याच्या प्रमुखपदावरचा एक दावा खोट्या वंशावळीवर उभा असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले आणि २००३ मध्ये ही मान्यता देणेच बंद करण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८४५ नंतरच्या दुष्काळात, डोनेगॉलचे लोक डेरीच्या बंदरातून आगबोटीने ग्लासगोला जाऊ लागले. काही बटाटे काढणीच्या हंगामापुरते, काही कायमचे. त्यांत स्वीनीही होते. ज्या समुद्रावरून त्यांचे आडनाव आयर्लंडला आले होते, त्याच समुद्रावरून ते मजुरांच्या अंगावर परत गेले, आणि यावेळी त्यांना कोणी नॅपडेलचे म्हटले नाही. ते आयरिश होते, कॅथलिक होते, स्वस्तात राबणारे होते. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडने एक अहवाल स्वीकारला. त्याचा विषय होता आयरिश वंशापासून स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला असलेला धोका, आणि त्यात या लोकांची आवक थांबवण्याची मागणी होती. आर्गाइलच्या किनाऱ्यावर सुव्नेच्या नावाचा किल्ला तेव्हा सातशे वर्षांहून अधिक काळ उभा होता. त्या अहवालाबद्दल चर्चच्या महासभेने २००२ मध्ये खेद व्यक्त केला.